पिकातील घरट्यांची राखण

मृगाचा पाऊस पडून पेरणी उरकली आणि पीक वीतभर वर आले, की शेतकऱ्याच्या मनात राखणीचा विचार सुरू होतो. राखण म्हटली की डोळ्यांसमोर माळा, गोफण आणि पाखरांना हाकारणारा राखणदार उभा राहतो. पाखरांपासून पीक राखावयाचे ही आपली पूर्वापार रीत आहे व तीत वावगे काही नाही. या लेखात मात्र उलट दिशेच्या राखणीचा विचार मांडावयाचा आहे. काही पाखरे अशी आहेत की, त्यांनाच आता पिकात राखावे लागेल. आणि हे काम शेतकऱ्यावाचून दुसऱ्या कोणाच्याही हातून होण्यासारखे नाही.

सर्व पक्षी झाडावर घरटे बांधतात ही समजूत बरोबर नाही. चंडोल, टिटवी, लावरी, तित्तर, धाविक, पखुर्डी ही सारी माळरानाची पाखरे जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी उघड्या ढेकळांत चार अंडी घालते. ती मातीच्या रंगाशी इतकी मिळून जातात की, बैलाचा खूर शेजारून गेला तरी दिसत नाहीत. लावरी पिकाच्या किंवा गवताच्या बुडाशी थोडीशी जागा खोलगट करून बसते. पूर्वी या पाखरांना गावाचे कुरण, गायरान व पडीत माळ पुरत असे. मारवेल, शेडा, पवन्या अशा गवतांनी भरलेले माळ आज थोडे उरले आहेत. काही नांगराखाली आले, काहींवर वस्ती झाली, काहींवर 'पडीक' जमीन म्हणून झाडे लावण्यात आली, तर उरलेले अतिचराईने उघडे पडले. मग गवतात राहणारी पाखरे गवतासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आसऱ्याकडे, म्हणजे आपल्या ज्वारीकडे, मुगाउडदाकडे आणि सोयाबीनकडे वळली. ती आपल्या शेतात आली आहेत ती पिकाच्या लोभाने नव्हेत, तर त्यांचे घर गेले म्हणून.

तणमोराची कहाणी

या पाखरांत सर्वांत कठीण अवस्था तणमोराची आहे. हिंदीत यास खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी आकाराने साधारण गावठी कोंबडीएवढा असून पाय मात्र लांब असतात. विणीच्या काळात नराचा रंग काळा होतो, पंखावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि डोक्याच्या मागे फितीसारखी बारीक पिसे येतात. मादी नराहून किंचित मोठी व वाळल्या गवताच्या रंगाची असते. पावसाळ्यात, मुख्यत्वे जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, नर एक जागा धरून राहतो आणि गवताच्या किंवा पिकाच्या वर पुरुषभर उंच उडी मारून पुन्हा त्याच जागी उतरतो. अशा शेकडो उड्या तो एका दिवसात मारतो. उडीबरोबर बेडकाच्या आवाजासारखा खरखरीत आवाज येतो व शांत हवेत तो बराच दूर ऐकू जातो.

महाराष्ट्रात अकोला व वाशीम जिल्ह्यांतील माळांवर आणि लगतच्या शेतांत हा पक्षी पावसाळ्यात आढळत आला आहे. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील शोकलिया भागात तर तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीवरच टिकून राहिला आहे. १९९९ च्या सुमारास देशात सुमारे ३,५०० तणमोर असावेत असा अंदाज होता. २०१७ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ही संख्या ७०० हून कमी भरली. २०२१ मध्ये जागतिक निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत केली. ज्या पक्ष्याची सारी जात एखाद्या लहान खेड्याच्या लोकसंख्येइतकी उरली आहे, त्याच्या प्रत्येक घरट्याला किती मोल आहे हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच ती उबवते. पिलांचे संगोपनही तिच्याच अंगावर असते. नर त्यात मदत करीत नाही. म्हणून मादी घरट्यावरून उठली की, अंड्यांवर सावली धरणारे दुसरे कोणीही नसते.

शोध कोणी लावावा?

घरटे शोधून काढण्यास दुर्बीण व शास्त्राचे शिक्षण लागते असा एक समज आहे. पक्ष्याची जात ओळखण्यास त्यांचा उपयोग होतो हे खरे. परंतु पिकातील घरटे प्रथम दृष्टीस पडते ते निंदणाऱ्या बायांच्या, डवरणी करणाऱ्या गड्याच्या आणि गुरे राखणाऱ्या पोराच्या. आठ तास वाकून एकेका तासातून पुढे सरकणाऱ्या स्त्रीइतके जमिनीचे बारीक निरीक्षण कोणताही अभ्यासक करीत नाही. फासेपारधी समाजातील जाणत्या माणसांना केवळ आवाजावरून पाखराची जागा सांगता येते. अकोला-वाशीम भागात याच समाजातील काही तरुण आज ही विद्या तणमोराच्या रक्षणासाठी वापरीत आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे ज्ञान मागासलेले न समजता आपला मुख्य आधार समजावे.

शोधण्याची रीत साधी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी आणि सायंकाळी, विशेषतः ढगाळ दिवशी, बांधावर (वऱ्हाडात ज्यास धुरा म्हणतात तेथे) स्वस्थ उभे राहावे. नर उडताना दिसला किंवा आवाज आला की दिशा लक्षात घ्यावी व गट क्रमांक आणि पीक लिहून ठेवावे. एवढ्यावर थांबावे. नर नाचतो तेथेच घरटे असेल असे नाही. म्हणून नर दिसला की पिकात शिरून अंडी हुडकणे हा निव्वळ उपद्रव होय. घरटे शोधण्यासाठी म्हणून मुद्दाम पिकात जाऊ नये. शेतीच्या कामात ते आपोआप सापडले, तर सापडल्याची नोंद करावी व त्याची राखण सुरू करावी.

छायाचित्राचा मोह

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. मतभेद सुरू होतो तो छायाचित्रापाशी. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि त्यात कॅमेरा आहे. नवल दिसले की ते टिपावे असे वाटणे स्वाभाविक आहे. शहरांतून मोठाले कॅमेरे घेऊन येणारे हौशी लोकही पावसाळ्यात गावोगाव चौकशी करीत फिरतात. त्यांतील बरेच जण पक्ष्यांवर मनापासून प्रेम करणारे असतात व त्यांच्या चित्रांमुळे लोकांत गोडी निर्माण झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, नराचे चित्र दुरून अवश्य घ्यावे. घरट्याचे चित्र घेऊ नये.

हे मत मी केवळ पुस्तकावरून बनविलेले नाही. काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या एका शेतात निंदण चालू असता बायांना लावरीचे घरटे सापडले. त्यात सात अंडी होती. त्या बाई शहाण्या होत्या. तेवढी जागा सोडून त्यांनी पुढची तास धरली. मी मात्र दुसऱ्या दिवशी दोघा पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने तेथे घेऊन गेलो. लावरी उडाली. चित्रात अंडी नीट यावीत म्हणून आम्ही वरची पाने बाजूस सारली आणि पाऊण तास तेथे काढला. ऊन कडक पडले होते. बांधावरच्या बाभळीवर कावळा बसला होता, त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्या जागी फुटकी टरफले तेवढी होती. ज्या बाईने घरटे दाखविले ती मला एवढेच म्हणाली, "साहेब, आमी राखलं होतं." या वाक्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

लावऱ्या अद्याप पुष्कळ आहेत म्हणून ती चूक पचली. तणमोराच्या बाबतीत ती पचणार नाही. अशा भेटीने नुकसान कसे होते ते समजून घ्यावे. मादी उठली की उघडी अंडी उन्हाने तापतात किंवा पावसाने गार पडतात. चित्रासाठी पाने बाजूस सारली की सावली आणि आडोसा दोन्ही जातात. माणूस कोठे वाकतो हे कावळा पाहत असतो. आपण तुडविलेल्या वाटेने कुत्रे, कोल्हा व मुंगूस घरट्यापर्यंत पोहोचतात. एका माणसाने चित्र काढून सर्वत्र पाठविले, तर पुढच्या आठवड्यात त्याच वाटेने दहा माणसे येतात. कित्येक भ्रमणध्वनी चित्रात जागेची नोंदही आपोआप साठवितात. म्हणजे गावाचे नाव न लिहिताही पत्ता फुटतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो. तणमोर या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. छायाचित्रणाच्या काही स्पर्धांनी घरट्यांची चित्रे स्वीकारणे बंद केले आहे, हे योग्यच झाले.

आपल्या खात्याची सवय

परंतु सारा दोष शहरी पाहुण्यांवर ढकलून आपणांस मोकळे होता येणार नाही. शेततळे असो, फळबाग असो की पिकाची हानी असो, प्रत्येक गोष्टीचा पुरावा म्हणून जागेच्या नोंदीसह चित्र पाठविण्याची सवय आज आपणा सर्व सरकारी कार्यकर्त्यांस लागली आहे. त्या कामांत ती उपयुक्त आहे. घरट्याच्या बाबतीत हीच सवय घातक ठरेल. उद्या एखाद्या योजनेत घरटे राखणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला द्यावयाचे ठरले आणि त्यासाठी अंड्यांचे चित्र मागितले, तर मोबदल्यासाठी प्रत्येकजण अंड्यांवर वाकेल व जे राखावयाचे तेच नष्ट होईल. म्हणून अशा कामात शेतकऱ्याचा शब्द, दोघा शेजाऱ्यांची साक्ष आणि कार्यकर्त्याने बांधावरून केलेली पाहणी एवढा पुरावा पुरेसा मानला पाहिजे. विश्वास ठेवल्याने एखाद्या वेळी फसगत होईल. परंतु अविश्वासाची किंमत दरवेळी पाखरांस द्यावी लागेल.

शेतकऱ्याची भीती

शेतकरी घरट्याची खबर देत नाही याचे दुसरेही कारण आहे. 'पाखरू आहे असे कळले तर सरकार जमीन अडकवील' ही भीती अनेक गावांत बोलून दाखविली जाते. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात असंख्य खाजगी शेते व वस्त्या आल्या आणि जमिनीच्या व्यवहारांवर अडचणी आल्या. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. मधल्या तीन दशकांत पाखरू आणि शेतकरी यांच्यात जी अढी पडली, ती नकाशावरची रेषा बदलून लगेच निघत नाही.

याउलट मध्य प्रदेशात रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे वेगळा प्रयोग झाला. तेथे १९८३ मध्ये खरमोरासाठी अभयारण्य झाले. परंतु पक्षी सीमा पाहून राहत नाहीत, ते भोवतालच्या शेतांतही उतरतात. म्हणून आपल्या शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या व त्यास आसरा देणाऱ्या शेतकऱ्यास रोख बक्षीस देण्याची योजना वनखात्याने राबविली. येथे पाखरामुळे जमीन अडकण्याची भीती नव्हती, तर पाखरामुळे मान मिळत होता. मनुष्यस्वभाव पाहता दुसरा मार्गच टिकाऊ होय. आपल्याकडेही तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते : खबर देणाऱ्याच्या सातबाऱ्यावर त्या खबरीमुळे कोणताही बोजा चढणार नाही असे लेखी आश्वासन, राखलेल्या जागेतील पिकाची भरपाई त्याच हंगामात, आणि त्याच्या संमतीवाचून त्याच्या शेताचा पत्ता कोणासही न देण्याचे बंधन.

खर्च किती?

या राखणीस येणारा खर्च मोठा नाही. तणमोराच्या घरट्याभोवती दहा मीटर त्रिज्येचा पट्टा सोडला तर सुमारे तीन गुंठे जागा अडते. सोयाबीनचे उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले, तर त्या जागेतील पीक तीस-बत्तीस किलो होते. तेही सर्व जाते असे नाही. निंदण, फवारणी व सोंगणी काही दिवस लांबणीवर पडते इतकेच. लावरी किंवा चंडोल यांच्यासाठी तीन मीटर त्रिज्या पुरेशी आहे. म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सादेखील नाही. लहान शेतकऱ्यास तीस किलो हे ओझे आहे, हे मी जाणतो. म्हणूनच ते त्याने एकट्याने वाहू नये, समाजाने वाटून घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. शिवाय ही पाखरे नाकतोडे व किडी वेचून खातात. तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही असेही नाही.

घरटे सापडल्यास पुढीलप्रमाणे वागावे :

१. अंड्यांस हात लावू नये, पाने बाजूस सारू नयेत व त्या तासातील काम तेथेच सोडून पुढे जावे.

२. घरट्यास लागून खूण करू नये. दहा पावलांवर दोन बाजूंस गुडघाभर उंचीच्या दोन काठ्या पुराव्यात. उंच काठीवर कावळा बसतो.

३. त्या पट्ट्यात कीटकनाशक फवारू नये. मजुरांस व यंत्रचालकास जागा आधी दाखवून ठेवावी.

४. सोंगणी चारी कडांकडून आत करीत जाऊ नये. त्यामुळे पिले मध्ये कोंडली जातात. मधून सुरुवात करून बाहेर यावे, किंवा एका कडेकडून दुसरीकडे जावे व बांधालगतचा शेवटचा पट्टा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. म्हणजे पिलांना निसटण्यास वाट राहते.

५. शेतातील व वस्तीवरील कुत्री त्या दिवसांत बांधून ठेवावीत.

६. वहीत तारीख, पीक, अंड्यांची संख्या व शेवटी काय झाले एवढे लिहावे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत जात व वर्ष यांची नोंद व्हावी. गट क्रमांक मात्र उघड करू नये.

७. नराचे चित्र घ्यावयाचे तर बांधावरून, बैलगाडीतून किंवा उभ्या वाहनातून, लांबच्या भिंगाने घ्यावे. पायी चालत येणाऱ्या माणसास पाखरे जितकी बिचकतात तितकी गाडीस बिचकत नाहीत. आवाजाची ध्वनिफीत वाजवून नरास बोलावू नये व ड्रोन उडवू नये. पाहुण्याने शेतकऱ्याची परवानगी घेतल्यावाचून शेतात पाऊल टाकू नये.

अशी राखण जगात इतरत्रही चालते. नेदरलँड्समधील फ्रिसलँड प्रांतात वसंत ऋतूत टिटवीच्या जातीच्या एका पक्ष्याचे पहिले अंडे शोधण्याची जुनी चुरस होती. अंडी गोळा करण्याची ती रीत आता बंद झाली. परंतु शोधण्याची विद्या लोकांनी टाकली नाही. तेच लोक आज घरटी हुडकून काठ्या रोवतात व शेतकरी आपले कापणीयंत्र बाजूने काढतो. तेथील अनुभव असाही आहे की, घरटे वाचले तरी सगळे कुरण लवकर कापले गेल्यास पिलांना आसरा उरत नाही. तेव्हा काठी ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. आपल्याकडेही बांधावरचे गवत थोडे राखणे, गायरानाचा एखादा भाग पावसाळ्यात चराईस बंद ठेवणे व सरसकट प्रत्येक माळावर झाडे न लावणे यांची जोड या कामास द्यावी लागेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एकच विनंती आहे. येत्या हंगामात गावात सभा घ्याल तेव्हा खत, बियाणे व फवारणी यांबरोबर पाच मिनिटे या विषयासही द्या, आणि सभेस निंदणाऱ्या बायांना आवर्जून बोलवा. घरटे कोठे आहे ते त्यांना माहीत असते. ते आपणांस दाखवावे असा आग्रह धरू नका. ते राखले आहे एवढे त्यांच्या तोंडून ऐकले तरी आपले काम झाले असे समजा. पिले उडून गेल्यावर रिकाम्या घरट्याचे चित्र पाहिजे तेवढे काढता येईल. त्या चित्रात अंडी नसतील, परंतु ती उबली होती याची साक्ष त्यात असेल.